इंदूरला केमिस्ट्री शिकायला येताय? आधी ‘अणू’चं बघा

बारावीचे निकाल लागले की आमच्या रामबागेतल्या घरी फोन सुरू होतात. जळगाव, भुसावळ, धुळे, कधी अकोला. कुणाच्या तरी मावसबहिणीचा मुलगा इंदूरला बीएस्सीला येतोय, केमिस्ट्री घेतोय, “जरा बघाल का?” मीही असाच बावीस वर्षांपूर्वी सावद्याहून दोन बॅगा आणि केळ्यांचा एक घड घेऊन उतरलो होतो. आता पीथमपूरला एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. काम तेच, ब्युरेट आणि पिपेट या मापनळ्यांचं, फक्त काच महागातली. दर जुलैत तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून यंदा लिहून काढलं.

खोली आणि मेसबद्दल फार बोलत नाही. भंवरकुआँच्या बाजूला कोचिंगवाल्या पोरांची गर्दी, त्यामुळे खोल्या भरपूर आणि गोंगाटही भरपूर. पुस्तकं नवी घेऊ नका, खजुरी बाजारात एक चक्कर मारा. पोह्यांवर शेव आणि जीरावण मसाला पडेल, तक्रार करू नका. आठवड्याभरात तुम्हीच मागून घ्याल.

खरी गोची वेगळीच आहे. तुम्ही दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलात, अकरावी-बारावी इंग्रजीतून. इथे सर बोलतात हिंदीतून, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द, आणि प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत. तुम्हाला वाटतं, हिंदी काय, येतंच की. अगदी तिथेच पाय घसरतो. परका शब्द आला तर माणूस विचारतो. ओळखीचा आला की विचारत नाही. केमिस्ट्रीतले हिंदी शब्द आपल्या ओळखीचे दिसतात आणि अर्थ भलताच निघतो.

‘अणू’च घ्या. मराठीत सगळ्यात लहान तो अणू, आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. हिंदीत लहान तो परमाणु, आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. फळ्यावर ‘अणुभार’ लिहिलं की मराठी डोकं ऑक्सिजनला 16 लावतं. सरांना हवे असतात 32. गणित बरोबर, रीत बरोबर, उत्तर निम्मं. मोलच्या पहिल्या टेस्टला दरवर्षी आपल्याकडची दोन-तीन मुलं यात जातात आणि वर म्हणतात, काका, पेपर सोपा होता.

माझी पडझड ‘क्षार’वर झाली. आपल्याकडे क्षार म्हणजे मीठ या वर्गातला पदार्थ, सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात, आणि क्षार हा उलट बेसच्या बाजूचा, म्हणजे आपल्या आम्लारीच्या घरातला. मी सहामाहीत मोठ्या झोकात हिंदीतून लिहिलं, “अम्ल और क्षारक मिलकर क्षार और जल बनाते हैं.” सरांनी त्या वाक्याला लाल गोल केला आणि बाजूला एवढंच लिहिलं, “फिर बना क्या?” पाचातले शून्य. उदासिनीकरण मला सातवी-आठवीपासून पाठ होतं हो.

आणखी एक सापळा, ऊर्ध्वपातन. आपल्याकडे ते डिस्टिलेशन. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे सब्लिमेशन, ज्याला आपण संप्लवन म्हणतो. डिस्टिलेशनला ते आसवन म्हणतात. द्रावणाला विलयन (आपल्याला विलयन म्हटलं की बँका आठवतात), मूलद्रव्याला तत्व, संयुगाला यौगिक, क्षपणाला अपचयन. हे निदान वेगळे दिसतात, म्हणून घात करत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने करा, मराठी, हिंदी आणि इंग्रजी, आणि पहिले पंधरा दिवस तासाला ते पान उघडं ठेवा. उत्तरं मात्र इंग्रजीतूनच लिहा. अर्धं हिंदी आणि अर्धं इंग्रजी असं वाक्य तपासणाऱ्याला चिडवतं, आणि चिडलेला माणूस अर्धा मार्क देत नाही.

आता मार्कांचं. पहिल्या आठवड्यात सर योजना सांगतात, तेव्हा अर्धा वर्ग कँटीनमध्ये असतो. तुम्ही वर्गात बसा. लिहून घ्यायच्या गोष्टी चार: आतले मार्क किती आणि बाहेरचे किती, दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं का, थिअरी नि प्रॅक्टिकलचे क्रेडिट (म्हणजे निकालातलं वजन) किती, आणि चुकलेली टेस्ट परत मिळते का. आतल्या मार्कांना इथे सगळे ‘सीसीई’ म्हणतात. टेस्ट, असाइनमेंट, सेमिनार, त्यातच येतं. बारावीसारखं शेवटच्या दोन महिन्यांत उरकू म्हणणाऱ्याचे हे मार्क दिवाळीआधीच हातचे गेलेले असतात.

ग्रेड यूजीसीच्या दहा अंकी पद्धतीत असतील तर ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि नापास किंवा गैरहजर 0. एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी, काढताना ग्रेडचा अंक क्रेडिटने गुणायचा, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. समजा थिअरी 4 क्रेडिटची, प्रॅक्टिकल 2 ची. थिअरीत बी आला, प्रॅक्टिकलला ए प्लस. 24 आणि 18, झाले 42, भागिले 6, म्हणजे 7. नुसत्या थिअरीवर तुम्ही बी होता, प्रयोगशाळेने बी प्लसला नेलं. म्हणून मी प्रॅक्टिकलबद्दल इतकं बोलतो. तिथले मार्क हुशारीचे नसतात, हजेरीचे आणि हाताच्या वळणाचे असतात. हजेरी 75 टक्के धरून चाला, आणि राखी-दिवाळीला गावी जाताना आपल्या बॅचचा वार बघून तिकीट काढा.

असाइनमेंट दिली की तिचा मोबाईलवर फोटो काढा. माझ्या खोलीतल्या एका मित्राने त्याच्या कॉलेजात असाइनमेंट शिपायाच्या हातात दिली होती. ती कुठे गेली देव जाणे. यादीत त्याच्यापुढे गैरहजर लागलं. तीन आठवडे खेटे घालून मिळालं काय, तर “अब तो लिस्ट चली गई.”

शब्दांचा घोळ इथेही आहेच. कुणी म्हणालं “कॉपी जमा करो” तर दचकू नका. कॉपी म्हणजे उत्तरपत्रिका किंवा वही. आपल्या अर्थाच्या कॉपीला इथे नकल म्हणतात. पूरक म्हणजे पुरवणी परीक्षा, कृपांक म्हणजे ग्रेस मार्क. आणि जर्नल म्हणालात तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. फाईल म्हणा.

थिअरीत अपेक्षा काय असते? बारावीचेच धडे पुन्हा येतात आणि मुलं निवांत होतात. पण ‘काय’चे मार्क कमी झालेले असतात आणि ‘का’चे वाढलेले. मिथेनचा कोन 109.5 अंश, अमोनियाचा 107, पाण्याचा 104.5 हे लिहून एखादा मार्क मिळेल. बाकीचे मिळतात ते अमोनियावर एक एकाकी जोडी (बंधात न अडकलेले दोन इलेक्ट्रॉन) आहे, पाण्यावर दोन, त्या बंधांना ढकलतात, हे आकृतीत दाखवून सांगितलं तर. आकृतीत जोडीचे दोन ठिपके काढायला विसरू नका. ठिपक्यांना मार्क असतात, गंमत नाही.

आता टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब सोडून द्रावणाची तीव्रता मोजणं, माझ्या पोटापाण्याचा विषय. रंग दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन घातलंय, फ्लास्कमध्ये आम्ल, वरून ब्युरेटमधला कॉस्टिक सोडा पडतोय. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि हलवलं की विरतो. ढग विरायला वेळ लागायला लागला की तोटीवरचा हात हलका करा. शेवटचा थेंब धुतलेल्या पातळासारखा फिका गुलाबी रंग देतो आणि तो टिकतो. तिथेच थांबायचं. जास्वंदीसारखा झाला म्हणजे पुढे गेलात, ते रीडिंग बाद. साधी ब्युरेट 0.1 मिलिपर्यंत वाचते. डोळा पातळीत आणून द्रवाच्या वक्र पृष्ठाचा खालचा काठ वाचा. फक्त पोटॅशियम परमँगनेट असेल तर वरचा, कारण त्या जांभळ्यातून खालचा दिसत नाही.

आणि रीडिंग खरी लिहा. 9.8, 10.3, 9.8 आली तर तशीच लिहा. जुळलेली दोन उत्तराला घ्या, तिसरं बाद म्हणून राहू द्या. तिन्ही रकान्यांत साळसूदपणे 10.0 लिहिणाऱ्याला परीक्षक ओळखतो, कारण त्यानेही विद्यार्थी असताना तेच केलेलं असतं. चुकलं तर व्हाइटनर नको. एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. आमच्या कंपनीत खाडाखोड नि व्हाइटनर दिसलं तर नोकरीवर येतं. तुमचा तर एखादाच मार्क जाणार आहे, तेवढ्यात सवय लावून घ्या. फाईलवर सही त्याच आठवड्यात घ्या. मार्चमध्ये सरांच्या केबिनबाहेर जी रांग लागते तिच्यात मी दोन तास उभा राहिलोय, आणि आत गेल्यावर सर जेवायला गेलेले.

होळकर सायन्स कॉलेजबद्दल घरचे विचारतीलच. 1891 चं, शिवाजीराव होळकरांच्या काळातलं. इथल्या जुन्या मराठी घरांत दर पिढीत एक तरी तिथून शिकलेला सापडतो, आणि तो तुम्हाला हटकून सांगेल की आमच्या वेळी फार कडक होतं. ऐकून घ्या, त्याच्याकडे जुन्या फाईली असतात.

प्रयोगशाळेतल्या भियाशी (मदतनिसाला इथे भिया म्हणतात) पहिल्या दिवसापासून नीट बोला. तोटी न गळणारी ब्युरेट कुठली, ते फक्त त्याला माहीत असतं. तो “नीला थोथा उठाओ” म्हणाला तर मोरचूद द्या, फिटकरी म्हणाला तर तुरटी, नौसादर म्हणाला तर नवसागर. सुती ॲप्रन, एक जुना पंचा आणि काडेपेटी स्वतःची ठेवा. संपली तर शेजाऱ्याकडे काडेपेटी मागत बसू नका, माचिस मागा.