स्क्रॅबलमध्ये या चुका टाळा: लावलेल्या शब्दाइतकंच हातात उरलेलं बघा

पावसाळ्यात दुपारची वीज गेली की वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी पडवीत स्क्रॅबलचा, म्हणजे हातातल्या सात अक्षरांच्या सोंगट्यांतून पटावर इंग्रजी शब्द लावायच्या खेळाचा, पट मांडला जातो. आते, तिच्या शेजारणी, सुट्टीला आलेली भाचरं, आळीतली मराठी शाळेतली मुलं, सगळी खेळतात. हरलेलं मूल बहुतेक वेळा एकच कारण सांगतं, "माझं इंग्रजी कच्चं आहे." इतकी वर्षं हे डाव खेळून आणि बघून मला मनापासून वाटतं, की खरं कारण हे नसतं. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलत नसताना 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, आणि 2024 साली स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केलं. भाषा येणं आणि डाव जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरायची कारणं बहुधा पुढच्या चुकांमध्ये सापडतात.

फक्त गुण बघून शब्द लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

समजा एका जागी 24 गुण मिळतायत, पण हातात व्ही आणि दोन यू उरतात. दुसरीकडे 19 मिळतात आणि ई, आर, टी उरतात. नवा खेळाडू डोळे झाकून 24 घेतो. पुढच्या खेळीला व्ही-यू-यूमध्ये चार नवी अक्षरं येतात, काही जुळत नाही, आठ-नऊ गुणांवर समाधान मानावं लागतं, आणि त्याच्या पुढच्या खेळीलाही तेच रडगाणं. पाच गुण जास्त घेतले आणि दोन खेळ्या वाया घालवल्या. माझ्या भाच्याने असाच एक शब्द लावला तेव्हा आते म्हणाली, "शब्द बरो आसा रे, पण हातात काय रवला ता बघलंस?"

आपल्याकडे मिरगाच्या आधी सुकी मासळी, आमसुलं, पापड, चुलीची लाकडं भरून ठेवतात. पुढचे चार महिने त्या बेगमीवर निघतात. हातातल्या अक्षरांचं तसंच आहे. एस, ए, टी, आय, आर, ई ही सहा अक्षरं जमवून ठेवलीत तर सातवं कितीतरी अक्षरांपैकी कुठलंही चालतं. पी आला तर 'पायरेट्स' किंवा 'पार्टीज', एल आला तर 'रिअॅलिस्ट', एन आला तर 'रिटेन्स'. सातही सोंगट्या एका खेळीत लावल्या की 50 गुण जादा मिळतात. एवढी तफावत छोट्या छोट्या शब्दांनी भरून काढणं फार अवघड जातं.

हातात सात अक्षरी शब्द असून तो न दिसणं हे याच चुकीचं भावंड. मागे एका मुलीकडे पहिल्याच खेळीला एस, टी, ओ, आर, ए, जी, ई होते. तिने 'ग्रेट' लावून 16 गुण घेतले. 'स्टोरेज' हा शब्द तिला पक्का माहीत होता. तो लावताना जी दुप्पट अक्षराच्या घरावर (तिथे बसणाऱ्या अक्षराचे गुण दुप्पट होतात) बसवला असता तर 70 गुण झाले असते. तिने सोंगट्या पिशवीतून आल्या तशाच पट्टीवर ठेवल्या होत्या, एकदाही हलवल्या नाहीत. अक्षरं सारखी मागेपुढे करत राहा. एस, ईडी, आयएनजी असे शेपटाचे तुकडे उजवीकडे वेगळे काढून उरलेल्यांत शब्द शोधा.

एस आणि कोरी सोंगटी स्वस्तात घालवणं

इंग्रजी संचात एस चारच, कोऱ्या सोंगट्या (कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात त्या) दोनच. कोरीला स्वतःचा एकही गुण नाही, म्हणून मुलं तिला किरकोळ समजतात आणि कुठेही लावून टाकतात. मुरलेले खेळाडू ढोबळ हिशेब ठेवतात: एस वापरल्याने निदान आठ-दहा गुण जास्त मिळत असतील तरच तो काढायचा, आणि कोरी सोंगटी पंचवीस-तीस गुण वाढणार असतील तर. आपल्याच शब्दाला एस जोडून अनेकवचन करण्यापेक्षा समोरच्याच्या शब्दाला तो लावत आपला नवा शब्द आडवा काढा. मग दोन्ही शब्दांचे गुण तुमचे.

यूची वाट बघत क्यू धरून बसणं

गेल्या गणपतीच्या सुट्टीत भाचा शेवटपर्यंत क्यू धरून बसला. पटावर चारही यू केव्हाच पडले होते आणि त्याने ते मोजले नव्हते. डाव संपला तेव्हा तो 13 गुणांनी हरला. अडकलेल्या क्यूचे 10 गुण त्याचे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले, म्हणजे दोघांमधला फरक 20 गुणांनी वाढला होता. तो गेला असता, अगदी फुकट गेला असता, तरी पोरगं जिंकलं असतं. फार हिरमुसला होता.

याला औषध एकच, 'क्यूआय' हा दोन अक्षरी शब्द. पटावर 'रोटी' असेल (हो, तो इंग्रजी स्क्रॅबलला चालतो), तर शेवटच्या आयच्या बरोबर वर क्यू आणि क्यूच्या उजवीकडे दुसरा आय ठेवा. उभा-आडवा दोन्हीकडे 'क्यूआय' झाला. क्यूखाली तिप्पट अक्षराचं घर असेल तर 31 आणि 31, म्हणजे 62 गुण, तेही दोन सोंगट्यांत. दोन अक्षरी मान्य शब्द शंभराहून थोडे जास्त आहेत. रोज पाच लिहिले तरी महिन्याभरात पाठ होतात. लांबलचक, अवघड शब्द पाठ करण्याआधी हे करा, असं मी प्रत्येक मुलाला सांगतो.

सोंगट्या बदलण्यात कमीपणा मानणं

हातात सहा स्वर आले आणि चार गुणांचा एखादा शब्द लावून वेळ मारून नेली, तर उरलेले स्वर पुढेही छळतात. अशा वेळी खेळी सोडून सोंगट्या बदलणं हाच शहाणपणा. फक्त पिशवीत किमान सात सोंगट्या असाव्या लागतात, म्हणून हा निर्णय उशिरावर टाकू नका.

तिप्पट शब्दाची, म्हणजे अख्ख्या शब्दाचे गुण तिप्पट करणारी, आठ घरं आहेत, चार कोपऱ्यांत आणि चार कडांच्या मधोमध. पुढे असाल तर त्यांच्या शेजारी सोपा स्वर उघडा सोडू नका. मागे असाल तर मात्र पट उघडावाच लागतो. समोरच्याचा शब्द चुकीचा वाटला तर त्याला हरकत घेण्याचा नियम डाव सुरू व्हायच्या आधीच ठरवा. उत्तर अमेरिकेत चुकीच्या हरकतीने खेळी जाते, इतर अनेक ठिकाणी 5 किंवा 10 गुणांचा दंड असतो. घरी याच्यावरून भांडणं होतात, ती टळतील. आणि स्पर्धेला जाणार असाल तर घड्याळ लावून खेळा. प्रत्येकाला साधारण 25 मिनिटं असतात, वरच्या प्रत्येक मिनिटाला 10 गुण कापतात.

शेवटी न मोजणं

एकूण सोंगट्या 100. ई 12, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, यू आणि एस चार-चार. सगळ्या अक्षरांचा तक्ता कागदावर लिहा आणि पटावर पडेल ते खोडत जा. पिशवी रिकामी झाली की न खोडलेल्या अक्षरांतून तुमची सात वजा करा. जे उरतं ते नेमकं समोरच्याच्या हातात असतं. मग त्याचा झेड कुठे बसणार हे दिसतं आणि ती जागा आधीच अडवता येते.

भाचा आता पट मांडला की आधी वहीच्या मागच्या पानावर हा तक्ता काढतो. यूच्या ओळीखाली त्याने दोन रेघा मारल्या आहेत.