गाडी घासूनपुसून लख्ख करताना या चुका टाळा

गाडी धुतली, सावलीत झकास दिसली आणि उन्हात काढल्याबरोबर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायला लागल्या? त्या बहुधा रस्त्याने दिलेल्या नसतात. आपल्याच हाताने, स्वच्छतेच्या उत्साहात पडलेल्या असतात.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. फडक्याखाली वाळूचा एक कण अडकून फिरला की त्यावर रेघ उमटते. हात गोल फिरवल्यामुळे गोल रेघा पडतात, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून गोल कडी दिसतात. हात सरळ फिरवला तरी अडकलेला कण आपलं काम करणारच.

म्हणून पहिली चूक सांगायची तर कोरडं फडकं. धूळ दिसली की झटकन पुसून टाकायची सवय वर्षभरात रंगाचं जेवढं नुकसान करते, तेवढं धूळ नुसती बसून राहिली असती तर झालं नसतं. आधी भरपूर पाणी मारा, सैल माती वाहून जाऊ द्या, मगच हात लावा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल किमान फूटभर लांब धरा आणि रंगाचे टवके उडालेल्या जागी झोत मारू नका, कडेचा रंगही सोलून निघतो.

भांड्याचा साबण वापरू नका. त्याचं काम तेलकटपणा काढणं, आणि रंगावरचा संरक्षक वॅक्सही त्याला तेलकटपणाच वाटतो. शिवाय कारच्या शाम्पूला जो बुळबुळीतपणा असतो, ज्यामुळे कण घासले न जाता घसरतात, तो त्यात कमी. बादल्या दोन घ्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक भाग झाला की मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेला गाळ एकदा पाहिलात की पुन्हा एका बादलीवर भागवणार नाही. चाकं आधी, वेगळ्या ब्रशने. मग टपापासून खाली. दरवाजांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण सर्वात जास्त खडी तिथेच चिकटलेली असते.

हे सगळं सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू धुण्याआधीच वाळतो आणि पाण्याचे डाग राहतात.

धुऊनही खरखर लागते, तेव्हा

हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि धुतलेल्या, ओल्या बॉनेटवरून अलगद फिरवा. बोटांना बारीक दाणे जाणवले तर रंगाला काहीतरी चिकटून बसलंय. इथे लोक ताकद लावतात आणि फसतात. ती घाण घासून काढायची नसते, सोडवायची असते.

पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात ते बहुतेकदा ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण. त्यावर आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंड लागलं की तो जांभळा होतो. वास मात्र सडक्या अंड्यासारखा, त्यामुळे मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून. जांभळं झाल्यावर कौतुकाने बघत बसू नका, वाळायच्या आत धुवा. डांबराचे काळे ठिपके नखाने खरवडण्याऐवजी टार रिमूव्हरने विरघळवा.

उरलंसुरलं क्ले बारने. हा चिकणमातीसारखा मऊ गोळा कोरडा फिरवणं ही चूकच. लुब्रिकंट, म्हणजे बुळबुळीत द्रव, हवंच, भार जवळजवळ शून्य आणि हात सरळ रेषेत. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. माझा गोळा एकदा हातातून निसटून अंगणात पडला. नवा होता, जीव झाला नाही टाकायला, पाण्याखाली धुऊन तोच वापरला. मागच्या दारावरच्या रेघा पुढे तासभर पॉलिश करून काढाव्या लागल्या. पडला की टाकायचा. क्लेसोबत जुना वॅक्सही निघून जातो, म्हणून त्यानंतर गाडी वॅक्सविना ठेवू नका.

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात रंग कोरते. वाळली असेल तर ओलं फडकं दहा मिनिटं तसंच ठेवून भिजवा, मग उचलून घ्या. जड पाण्याच्या पांढऱ्या डागांवर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावून मिनिटभरात धुऊन टाका. तरीही डाग राहिला तर क्षारांनी रंग कोरला आहे, आता पॉलिशच लागेल.

पॉलिश आणि वॅक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिश क्लिअर कोटचा अगदी पातळ थर घासून काढतं, वॅक्स त्यावर संरक्षण चढवतो. दर महिन्याला पॉलिश करणारे हौशी लोक भेटतात, तेव्हा मला त्यांच्या क्लिअर कोटची दया येते. ओरखड्यात नख अडकत असेल तर पॉलिशचा नाद सोडा, तिथे रंगच द्यावा लागेल. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश आणि क्ले दोन्ही वर्ज्य. चकचकीत चट्टे पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत. वॅक्स जाड लावला म्हणून जास्त टिकत नाही, उलट फडक्याने निघता निघत नाही. काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरे डाग काढत बसाल.

पुसायला मायक्रोफायबर टॉवेल, पाण्यावर पसरून टिपायचा. तो जुन्या सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, सगळे धागे त्यालाच चिकटतात. कपडे मऊ करणारं द्रावणही नको, त्याने पाणी शोषणं कमी होतं. चाकांच्या टॉवेलांचा एक कोपरा मी कापून ठेवलाय. घाईत, ओल्या हाताने उचलला तरी कळतं की हा बॉनेटचा नाही.