घशात जळू अडकलीय असं वाटलं तर काय करायचं

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी हे वाचूनच निघा. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात पायाला चिकटते ती जळू वेगळी, घशात जाते ती वेगळी. हिमाचल, उत्तराखंड, नेपाळकडच्या ओढ्यांत डिनोब्डेला फेरॉक्स नावाची जळू असते, एरवी गुरांच्या नाकात सापडते, पिल्लू दोऱ्याएवढं बारीक, त्यामुळे ओंजळीने पाणी प्यायलो तर कळतही नाही आणि मग ती नाकाच्या मागे नाहीतर घशात चिकटून आठवडेच्या आठवडे रक्त पीत राहते, फुगून बोटाएवढी होते.

आधी लक्षणं बघा. एकाच नाकपुडीतून अधूनमधून रक्त, थुंकीत ताजं लाल रक्त, आवाज बसलेला, घशात काहीतरी वळवळतंय असं वाटणं. दुखत फारसं नाही, तिथेच माणूस फसतो. थुंकीत रक्त म्हटलं की आपल्याला आधी टीबीचंच टेन्शन येतं. खरं तर जळूच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही म्हणून ते येत राहतं, लहान मुलांचं हिमोग्लोबिन तर पार खाली जातं.

मग आरशासमोर आ करा, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबा आणि कुणाला तरी टॉर्च मारायला सांगा. काळपट, चकचकीत, रक्ताच्या गाठीसारखं काही दिसलं आणि ते हललं तर जळूच. नाही दिसली तरी निश्चिंत होऊ नका, मागे लपलेली असू शकते.

आता महत्त्वाचं, चिमट्याने ओढू नका. दोन्ही टोकांनी चिकटलेली असते, त्यात बुळबुळीत, तुटली तर तोंडाचा भाग आतच राहतो. पायावर चालतं तसं मीठ, तंबाखू, चुना घशात अजिबात नाही, सुटून श्वासनलिकेत गेली तर? जंताची गोळीही इथे उपयोगाची नाही.

सरळ ईएनटीकडे जा आणि ओढ्याचं पाणी प्यायलो होतो हे आधी सांगा, नाहीतर अँटिबायोटिकवर दिवस जातील. ते लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा स्प्रे मारून तिची पकड ढिली करतात, मग दुर्बिणीतून बघून पकडीने काढतात. स्वरयंत्रापाशी असेल तर भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी. काढल्यावरही थोडा वेळ रक्त झिरपतं, घाबरू नका.

आणि हो, नाकातली असेल तर कधीकधी नाकपुडीखाली गार पाण्याची वाटी धरतात, पाण्याच्या ओढीने बाई स्वतःच डोकं बाहेर काढतात!