पॉवर सप्लायचा बोर्ड तपासताना या चुका टाळा

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपला मी वाइंडिंग मशीनच्या काउंटरसाठी सप्लाय बनवून दिला होता. टेबलावर 12 व्होल्ट बरोबर, 5 व्होल्ट बरोबर. पेटीत बसवला आणि 12 ची लाइन गायब! बाहेर काढला की परत चालू. दोन तास सोल्डरचे डाग तापवत बसलो. दोष सोल्डरमध्ये नव्हताच.

7805 (5 व्होल्टचा रेग्युलेटर) आणि एलएम317 (12 व्होल्टवर सेट केलेला रेग्युलेटर) पेटीत बसवताना मी एकाच हीटसिंकवर, म्हणजे उष्णता खेचणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, कसले होते. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण 7805 च्या पाठीचा पत्रा ग्राउंडला असतो आणि एलएम317 चा आउटपुटला. मधे मायकाची इन्सुलेटर चकती नसेल तर आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट. एलएम317 स्वतःला वाचवतो, म्हणून धूर निघत नाही, नुसता तापतो. मायका घातला तरी बोल्टला प्लॅस्टिकचा बुश हवाच, नाहीतर बोल्टच शॉर्ट करतो. कसून झाल्यावर एलएम317 चा पत्रा आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावा. बीप वाजली तर उघडा. पायांचा क्रमही वेगळा: 7805 चा इनपुट, ग्राउंड, आउटपुट, एलएम317 चा ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट.

दुसरी चूक, नवा बोर्ड थेट 230 ला लावणे. सिरीज दिवा, म्हणजे बोर्डाकडे जाणाऱ्या एका वायरच्या मधे जोडलेला दिवा, लावा, तोही फिलामेंटचा 60 वॉटचा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट आहे, फ्यूज बदलत बसू नका.

लोड न लावता मीटरने 5 दाखवले म्हणून खूश होऊ नका. 10 ओहमचा, 5 वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर आउटपुटला जोडा. अर्धा अँपिअर ओढला जाईल. आता गंमत बघा. 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर कपॅसिटरवर वरचे टोक जेमतेम 11 व्होल्ट येते आणि रिपल, म्हणजे व्होल्टेजचा वर-खाली होणारा फरक, 4-5 व्होल्ट. म्हणजे खालचे टोक 7 च्याही खाली, आणि 7805 ला इनपुटवर साधारण 7 लागतातच. डीसी रेंजवरचा मीटर मात्र सरासरी 8-9 दाखवून तुम्हाला गंडवतो. लाइन 200 वर आली की काउंटर आपोआप रिसेट! 2200 किंवा 3300 चा कपॅसिटर टाका. 12 च्या ट्रान्सफॉर्मरला 16 व्होल्टचा कपॅसिटर मात्र नको: 12 ला 1.414 ने गुणले की 17 होतात, लोड नसताना त्याहून जास्त. 25 किंवा 35 चाच घ्या.

मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला गेलात तर प्रोब स्वतःच शॉर्ट होतो. एकदा प्रोबचे टोक वितळले माझे. लै लाज वाटली.

एसएमपीएसची, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायची, भानगड वेगळी. तिथे मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवण्याची पद्धत सोडा. 2-3 वॉटचा 10 किलोओहमचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने टेकवा, मीटरवर आकडा शून्याकडे आल्याचे बघा आणि मगच हात घाला. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप या प्रायमरी, म्हणजे मेन्सच्या, बाजूला लावायची नाही. ती अर्थला जोडलेली असते, म्हणजे थेट शॉर्ट.