नोकरी सांभाळून स्कूबा शिकवायचंय? मग मासे विसरा

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात कोड लिहितो आणि महिन्यातून एखादा वीकेंड मालवणला जाऊन लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतो, हे कुणाला सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, म्हणजे फुकटात डायव्हिंग आणि वर पैसे पण? अहो कसलं काय. दरवर्षीची मेंबरशिप, इन्शुरन्स, टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरची सर्व्हिसिंग, गाडीचं पेट्रोल, सगळं धरलं तर मीच पदरचे घालतो.

रस्ता मोठा आहे पण अवघड नाही. मी पॅडीचा (स्कूबाची सर्टिफिकेटं देणारी संस्था) केला, ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर आणि मग इन्स्ट्रक्टर. इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला बसायला 60 डाइव्ह लागतात, परीक्षेपर्यंत 100. नोकरीवाल्याला हे 100 पुरे करायलाच दोन-तीन सीझन जातात कारण आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र बंद, आणि दर वेळी अंदमानला जायला रजा कुठून आणणार?

पण खरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती ही की शिकवताना तुम्ही डायव्हिंग करतच नाही. 5-6 मीटरवर वाळूत गुडघे टेकून समोरच्याच्या डोळ्यांत बघत बसायचं, बस्स. मासे मागून गेले तर गेले.

हे मी चुकूनच शिकलो. पहिल्याच सीझनला एक काका होते, पन्नाशीचे, मास्कमध्ये पाणी घेऊन ते काढायचं चाललं होतं. फ्रेमची वरची कड दाबायची, वर बघायचं आणि नाकाने फुंकायचं, एवढंच. तेवढ्यात शेजारून एक माकूळ गेलं, रंग बदलत, आणि मी दोन सेकंद, खरंच दोनच, तिकडे बघितलं. परत वळतो तर काकांनी नाकाने श्वास ओढलेला, डोळे मोठ्ठे, रेग्युलेटर तोंडाबाहेर आणि पाय वर निघालेले. जॅकेटचा पट्टा हाताला लागला म्हणून बरं, खाली धरलं, माझा स्पेअर रेग्युलेटर तोंडात दिला, चार श्वास झाल्यावर शांत झाले. वर आल्यावर ते सॉरी म्हणत होते आणि लाज मला वाटत होती. 5 मीटरवरून कुणी श्वास रोखून सुटला तर पाण्याचा दाब कमी होत गेल्याने फुप्फुसातली हवा वर येईपर्यंत दीडपट होते, फुप्फुस फाटायला तेवढं पुरतं.

हा दाब समजावायला मी स्लाइड दाखवत नाही. वेफर्सचं पाकीट घाट चढताना कसं टम्म फुगतं ते सगळ्यांनी बघितलेलं असतं, तेच सांगतो, लगेच कळतं. दुसरी आपली खास भानगड म्हणजे अंगठा. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे 'मस्त', पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर जायचंय', त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक जण मजेत असतो आणि मी त्याला वर न्यायच्या तयारीत.

नियमाने समुद्रात एका इन्स्ट्रक्टरला 8 विद्यार्थी चालतात, मी दोनच घेतो. मालवणला कधी कधी चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, आठ जण मोजणार कसे? पाणी गढूळ असेल तर सरळ कॅन्सल करतो, मला कुणाचा पगार काढायचा नसतो, पोटासाठी हेच करणाऱ्याला हा 'नाही' महागात पडतो आणि हॉबीवाल्याचा फायदा म्हणाल तर हाच एक. तोटा हा की हात गंजतो, दोन महिने पाण्यात नसलो की आधी एकटा पूलमध्ये जाऊन सगळे स्किल परत करून बघतो, मगच विद्यार्थी.

आणि एक, रविवारी डाइव्ह मारून संध्याकाळी आंबोली घाट चढायचा नाही, उंचीवर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हमध्ये अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर 18 तास थांबायला सांगतात, घाटमाथा जवळपास 700 मीटर, पुणं स्वतःच साडेपाचशेच्या वर, मी तोच हिशोब लावतो. म्हणून शुक्रवारची रजा टाकायची, शुक्रवार-शनिवार पाण्यात आणि रविवारी उशिरा जेवून निघायचं. मॅनेजरला हे कारण पटत नाही, मी 'घरचं काम' लिहितो.