लव्हाळ्याचं फूल उघडून कसं बघायचं

लव्हाळ्याला फुलंच येत नाहीत असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. येतात हो, फक्त पाकळ्या नसतात आणि साइज एवढुशी, त्यामुळे 10 पटीचं भिंग, टाचणी आणि पांढरा कागद घेऊनच बसायचं.

आधी ते गवत नाही ना हे बघा. दांडा दोन बोटांत धरून फिरवायचा, तीन कडा लागल्या आणि मोडल्यावर आत भरीव निघाला तर बहुतेक लव्हाळाच (गोल दांड्याचेही असतात, पण कमी).

मग वरच्या तुऱ्यातलं एक छोटं खवलेदार कणीस तोडा. सुकलेलं असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ भिजू द्या, नाहीतर टाचणी लावली की सगळं उडून जातं आणि मग कागदावर शोधत बसा. आता खालून वर एकेक खवला, म्हणजे तूस, सोलत जायचं. सगळ्यात खालचं एखादं रिकामं निघतं, घाबरू नका, बाकी प्रत्येक तुसाच्या बगलेत एक फूल. गवताचं फूल दोन तुसांमध्ये दडलेलं असतं, इथे एकच, हा फरक लक्षात ठेवा.

फुलात बहुतेक 3 पुंकेसर, कधी 2 नाहीतर 1च, मध्ये अंडाशय आणि त्यात एकच बीजांड. वरच्या कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, मोजा. 3 असतील तर फळ सहसा तिकोनी, 2 असतील तर दोन्ही बाजूंनी फुगीर, हातातल्या भिंगासारखंच.

खरी गंमत अंडाशयाच्या बुडाशी आहे. लव्हाळ्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जुंकस वगैरे, त्यांच्या फुलात अजून 6 पाकळ्यांसारखे भाग शाबूत असतात. परागण वाऱ्यावर सोपवल्यावर शोभेची गरज उरत नाही, म्हणून स्किर्पस या लव्हाळ्याच्या प्रकारात त्या जागी नुसते केस दिसतील, जास्तीत जास्त 6. सायपरसमध्ये तेही गायब. आणि एरिओफोरममध्ये उलटंच, केसांची संख्या आणि लांबी इतकी वाढली की कापूस झाला, फळ वाऱ्यावर उडवायला.

केरेक्स हा लव्हाळ्याचा प्रकार मिळाला तर जरा सावकाश. यात नर-मादी फुलं वेगळी, आणि मादी फूल एका इवल्याशा बाटलीत बंद, तोंडातून फक्त कुक्षी बाहेर. मी त्या बाटलीलाच अंडाशय समजून वहीत चित्र काढलं होतं. ब्लेडने उभी चीर दिली की अंडाशय आत वेगळा दिसतो. ती बाटली म्हणजे खरं तर एका बाजूच्या फांदीचं पहिलं पान, कडा जुळून बंद झालेलं. पुरावा पाहिजे? काही जातींत बाटलीच्या आत त्या फांदीचा काडीसारखा अवशेष शिल्लक असतो, आणि कोब्रेसिया या त्याच्या नातेवाइकात हे पान एका बाजूने उघडंच राहतं. डीएनएवरून ते केरेक्सच्या आतच बसतं असं दिसलं, म्हणून 2015 मध्ये कोब्रेसिया केरेक्समध्येच घातलं.

मॅपेनिया या लव्हाळ्याच्या प्रकाराच्या वाट्याला सुरुवातीलाच जाऊ नका. तिथे पुंकेसरालाही स्वतःचं तूस असतं, त्यामुळे हे एक फूल की अनेक फुलं दाबून एक झालेली, यावर खूप वाद झालेत. उघडायचंच असेल तर आधी चित्र काढून घ्या, एकदा सुटं झालं की कुठलं तूस कोणाचं होतं ते काही केल्या कळत नाही.