ट्रामाडॉलची पट्टी उलटून वाचा

हाड मोडून दवाखान्यातून घरी सोडताना औषधांच्या पिशवीत कधीकधी ट्रामाडॉल हे दुखणं कमी करणारं औषध असतं. गोळ्यांच्या पट्टीमागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा ३७.५ मिग्रॅ ट्रामाडॉलसोबत ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉलही असतं. वर कणकण वाटली म्हणून क्रोसिनची ५०० ची गोळी घेतली, की पॅरासिटामॉल दुपटीच्याही वर जातं. ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं; २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली आहे. सोबत दारू किंवा झोपेची गोळी नकोच, श्वास मंदावू शकतो. पोटही साफ होत नाही, त्यावरचं औषध घरी निघतानाच मागून घ्या. बरेच आठवडे घेतलं असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी नाहीत!